अर्धी गोणी माळ

फोन आला तेव्हा मी अमळनेरला पिठाच्या गिरणीत उभा होतो. गिरणीचा पट्टा सुरू, त्यात समोरचा माणूस हळू बोलणारा... दोनदा "काय?" म्हणून ओरडलो तेव्हा कळलं, बोरसे मॅडमचा भाचा हेमंत बोलतोय. "भास्करभाऊ, मावशी गेली. पहाटे. झोपेतच." मी दळणाच्या डब्यावर टेकलो. किती वाजता नेणार, नाशिकहून कोण निघालंय, असं काहीबाही विचारलं. त्यानं सगळं सांगितलं आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, "आणि भाऊ, मागच्या खोलीतल्या त्या गोण्यांचं काय करायचं?" माझं डोकंच फिरलं. म्हणालो, "अरे, माणूस अजून घरातून हललं नाही आणि तू गोण्यांचं काय घेऊन बसलास!" आणि फोन कापला. गिरणीवाला माझ्याकडे बघत राहिला. हे माझं वाक्य लक्षात राहू द्या. मला तर ते उठता-बसता ऐकू येतं.

मॅडमना जाऊन आता तीन महिने होत आले. कॉलेजात शोकसभा झाली. मीही गेलो होतो, मागच्या रांगेत बसलो. सगळे चांगलं बोलले. विद्यार्थीप्रिय काय, मनमिळाऊ काय, निसर्गप्रेमी काय. मनमिळाऊ! बोरसे मॅडम आणि मनमिळाऊ! ज्या बाईनं वाढदिवसाला आणलेलं रोप "हे कुठलं? इथलं नाही, परत नेऊन द्या" म्हणून परत केलं, ती बाई मनमिळाऊ. आणि निसर्गप्रेमी हा शब्द तर त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. त्यांचं आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडण झालं ते एका झाडं लावण्याच्या कार्यक्रमाशी. त्या प्रेमबिम करत नसत, त्या मोजत. धुळ्याच्या आसपासच्या उजाड माळांच्या मातीत बी किती झोपलेलं आहे, कोणतं आहे आणि किती वर्षं जिवंत राहतं, एवढंच त्या मोजत राहिल्या, नोकरीभर आणि नोकरीनंतरही. शोकसभेत यातलं एक अक्षर कोणी बोललं नाही. मला बोलावलं नाही, कारण मी वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतला परिचर. बाटल्या धुणारा. म्हणून आता हे लिहितोय.

मी नोकरीला लागलो त्या आठवड्यातच मॅडम म्हणाल्या, "भास्कर, उद्या चपला नको, बूट घालून ये. माती आणायला जायचंय." मला वाटलं कुंड्यांसाठी असेल. धुळ्याहून साक्री रस्त्याला एस. टी.नं तासभर, पुढे पायी. समोर माळ. मे महिन्याचा माळ म्हणजे काय ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. दगड, ऊन आणि मधूनच एखादं हिंगणाचं झुडूप. मॅडमनी पिशवीतून लोखंडी चौकट काढली, वेल्डरकडून करून घेतलेली, वीतभर लांब आणि वीतभर रुंद. ती जमिनीवर ठेवली आणि खुरप्यानं आतली चार बोटं माती अलगद खरवडून कापडी पिशवीत भरली. एक चिठ्ठी पिशवीच्या आत, एक बाहेर. मग वीस पावलं चालायचं आणि पुन्हा चौकट. असं ऊन डोक्यावर येईपर्यंत. मी म्हणालो, "मॅडम, इथं तर काहीच नाही." त्या म्हणाल्या, "काहीच नाही म्हणायला आधी मोजावं लागतं." मला राग आला होता. कॉलेजच्या नोकरीत उन्हात माती खरवडायची, हे मला आमच्या वडिलांनी सांगितलं नव्हतं.

परत आल्यावर खरं काम. तेलाचे पंधरा किलोचे रिकामे डबे मी अमळनेरहून आणायचो, ते आडवे चिरून दोन पेट्या करायच्या. खाली वाळू. ती वाळूही आधी आचाऱ्याकडून आणलेल्या लग्नाच्या कढईत भाजायची, म्हणजे तिच्यातलं बी मरावं आणि उगवेल ते फक्त माळाच्या मातीतलंच असावं. वर चाळलेल्या मातीचा पातळ थर. मग पाणी, रोज. आठव्या-दहाव्या दिवशी त्या मेलेल्या मातीतून जे काही वर यायचं... मी थक्क झालो होतो, खोटं कशाला सांगू. मॅडम एकेक रोप ओळखायच्या, वहीत लिहायच्या आणि उपटून टाकायच्या. उपटायचं काम पुढे माझ्याकडे आलं. सगळं उगवून झालं की माती वाळवायची, हलवायची, पुन्हा पाणी. दुसऱ्या खेपेला पुन्हा काही वर यायचं. तिसऱ्यालाही. मी विचारलं, पहिल्याच पाण्याला का नाही आलं हे? मॅडम म्हणाल्या, ते माळावरच्या आबांना विचार.

आबा म्हणजे त्या माळावर बकऱ्या चारणारे. पागोटं, काठी आणि बोलायला कोणी मिळालं की सोडायचं नाही ही खोड. पहिल्या वर्षी ते आम्हाला मातीचोर समजले होते. "माती ली जाईसन काय करशात?" म्हणून काठी आडवी घातली होती. नंतर त्यांनीच मॅडमना निम्म्या गवतांची नावं सांगितली. मी त्यांना बियांचं विचारलं तेव्हा ते हसले. "पहिला पानीले जे भुलनं ते मरनं. बठ्ठं एकदम उगत नही, थोडं ऱ्हाई जास." मॅडमनी मान हलवली. आपल्याकडे पाऊस एकदा येतो आणि वीस दिवस तोंड दाखवत नाही. त्या पहिल्या पावसावर भरवसा ठेवून सगळंच बी उगवलं असतं तर हे माळ केव्हाच संपले असते. थोडं बी उगवतं, थोडं थांबतं. ही गोष्ट मॅडम वर्गात पाऊण तास शिकवायच्या आणि शेवटी म्हणायच्या, हे आबांनी मला एका ओळीत सांगितलं होतं.

माळावरून निघताना मॅडमची एक पद्धत होती. एका दगडावर बसायचं आणि साडीच्या काठाला, पायमोज्यांना लागलेली कुसळं एकेक काढून तिथेच टाकायची. मलाही बसवायच्या. "पॅन्ट बघ तुझी. इथलं इथेच राहू दे." बस चुकायची, पण कुसळ काढल्याशिवाय उठायचं नाही. माझी बायको म्हणायची, बरं आहे, घरी कचरा येत नाही.

आणि दुसरी पद्धत म्हणजे शून्याची. वहीत प्रत्येक गवताचा एक रकाना. एखादं गवत उगवलंच नाही तर मी रकाना मोकळा सोडायचो. नाही तर नाही, त्यात लिहायचं काय? मॅडमनी एकदा ती अख्खी वही माझ्यासमोर आपटली. आवाज चढवल्याचं मला तेवढंच आठवतं. "शून्य लिही. मोकळं सोडायचं नाही. शून्य म्हणजे आपण गेलो, पाहिलं आणि नव्हतं. मोकळं म्हणजे आपण गेलोच नाही." तेव्हापासून मी शून्यं लिहीत आलो. सुरुवातीला कमी असायची, नंतर वाढत गेली.

मॅडमचा जीव ज्यात अडकला होता ते इथून सुरू होतं. वर्षानुवर्षं मोजल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की सगळं बी सारखं थांबत नाही. तरोटा, म्हणजे टाकळा, थांबतो, दहा-दहा वर्षं मातीत पडून राहील आणि वर येईल. सराटा थांबतो. पण मारवेल, पवन्या, ही जी चांगली, गुराढोरांची, माती धरून ठेवणारी गवतं, त्यांचं बी मातीत फार थांबत नाही. एक वर्ष, दोन वर्षं. माळावर बकऱ्या इतक्या की गवताला फुलोरा येण्याआधीच फस्त. म्हणजे वरून नवं बी पडत नाही आणि खालचं जुनं संपत चाललंय. मॅडमचं म्हणणं साधं होतं. झाडं लावू नका, खड्डे खणू नका, काही आणू नका. फक्त दोन-तीन वर्षं त्या माळाचा एक तुकडा चराईला बंद करा. आत अजून बी आहे, ते आपलं आपण येईल. पण आत्ताच करा, चार वर्षांनी आत फक्त तरोटा उरेल. ही गोष्ट त्या ज्या कार्यालयात सांगायच्या तिथे उत्तर एकच, "बघू." बाहेर आल्यावर जिन्यात थांबून म्हणायच्या, "फाईल थांबते रे भास्कर, बी थांबत नाही." शेवटी एक साहेब जरा ऐकणारे भेटले. म्हणाले, मॅडम, या मातीत काय आहे ते दाखवणारा पक्का अहवाल द्या, पावसाळ्याआधी प्रस्ताव पुढे पाठवतो. मॅडमनी त्याच माळाच्या मातीच्या चाळीस पेट्या व्हरांड्यात लावल्या. शेवटची मोजणी तेवढी राहिली होती.

आता माझी बहादुरी ऐका.

मॅडम परीक्षेच्या कामासाठी चार दिवस नंदुरबारला गेल्या होत्या आणि कॉलेजात तपासणी समिती येणार होती. सगळीकडे चुना, रंग, पताका. प्राचार्य व्हरांड्यातून जाताना थबकले. "भास्कर, हे काय गवत माजवून ठेवलंय पत्र्याच्या डब्यांत? समिती म्हणेल, वनस्पतिशास्त्रवाल्यांकडे बाग नाही, तण आहे." मी म्हणालो, साहेब, मॅडमचं काम आहे ते. "अरे, मग मॅडमचंच नाव होईल ना. जरा शोभा आण." आणि मला पटलं! तेच तर सांगतोय, कोणी जबरदस्ती केली नाही, मला पटलं. मला वाटलं, मॅडम येतील आणि खूश होतील. रोपं उपटायची तर मला सवयच होती, रोजचंच काम, फक्त त्या दिवशी लिहिलं नाही. चाळीस पेट्या साफ केल्या. माती भुरकी, अशक्त दिसत होती, म्हणून प्रत्येकीत दोन-दोन ओंजळी शेणखत कालवलं. वर झेंडूची रोपं. डब्यांना बाहेरून गेरू आणि पांढरी किनार. समितीतल्या एका बाईंनी त्याचा फोटोसुद्धा काढला. मी दिवसभर छाती काढून फिरत होतो.

मॅडम आल्या. व्हरांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या. मी मागे, शाबासकीची वाट बघत. त्यांनी विचारलं, "खत कुठलं?" म्हणालो, "गोठ्यातलं, मॅडम. चांगलं कुजलेलं, एक नंबर." त्या पायरीवर बसल्या. गाय दहा ठिकाणी चरते आणि खाल्लेल्या गवताचं बी शेणातून जसंच्या तसं बाहेर येतं, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं वाळू भाजून घेणारा मी, आणि खत भाजायचं सुचलं नाही. आता त्या पेट्यांत जे उगवेल ते माळाचं की गोठ्याचं, कोण सांगणार? "मिसळली," मॅडम म्हणाल्या. "मिसळलेली माती साक्ष देत नाही, भास्कर." बस, एवढंच. दोन शिव्या घातल्या असत्या, प्राचार्यांकडे तक्रार केली असती, तर मी मोकळा झालो असतो. पण नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "झेंडूंना पाणी घाल, ऊन आहे." मला आजही त्यांचा या गोष्टीचा राग येतो. माणसानं माणसाला रागवायला नको का?

अहवाल एक वर्षानं लांबला. आणि त्याच वर्षी ते ऐकणारे साहेब बदलून गेले आणि त्या माळावर झाडं लावायचा कार्यक्रम मंजूर झाला. आबांनी नातवाच्या फोनवरून मॅडमना कळवलं, "चुना टाकी गयात. सकाय मशीन येस." मॅडम तासाभरात टेम्पो आणि बारा रिकाम्या गोण्या घेऊन माझ्या दारात. जेसीबीनं चर खणले की वरची चार बोटं माती हातभर खाली गाडली जाणार आणि खालचा निर्जीव मुरूम वर येणार. बी तिथून वर येऊ शकत नाही, गुदमरतं. म्हणून निदान तेवढी वरची साय उचलून आणायची. ऊन उतरेपर्यंत आम्ही तिघं, मॅडम, आबा आणि मी, गुडघ्यांवर बसून माती खरवडत होतो. मॅडम निवृत्तीला आलेल्या, डाव्या हाताचं नख उखडलं तरी थांबल्या नाहीत. बारा गोण्या भरल्या. दुसऱ्या दिवशी मशीन आलं. रोपं लावली, पाहुणे आले, फोटो झाले. दिवाळीपर्यंत रोपांच्या काड्या झाल्या होत्या. कार्यक्रमाचा फलक मात्र अजून उभा आहे.

तो पहिला अहवाल वेळेत गेला असता तर माळ वाचला असता का? बायको म्हणते, त्याचीही फाईलच झाली असती, उगाच जिवाला लावून घेऊ नका. असेलही. पण झेंडू मी लावले होते, बायकोनं नाही.

मग सुरू झाली माती परत टाकायची खटपट. मॅडमचा हिशेब सरळ होता. चरांच्या मधले पट्टे अजून शाबूत होते, तिथे ही माती पातळ पसरायची, तेवढी जागा बकऱ्यांपासून राखायची आणि बघायचं. पण परवानगीशिवाय त्या काही करणार नव्हत्या. पहिला कारकून म्हणाला, "माती उचलायचा अर्ज आहे मॅडम, माती टाकायचा नाही." दुसऱ्यानं मातीचा तपासणी अहवाल मागितला. तिसऱ्यानं तर चष्म्यावरून बघत विचारलं, "ही माती मुळात उचलली कोणाच्या परवानगीनं?" त्या दिवशी जिन्यात मॅडम पहिल्यांदा हसल्या. मी नाही हसलो. मला त्या टेबलावरचा पेपरवेट उचलून भिरकावावासा वाटत होता. असं करत सहा वर्षं गेली. मॅडम निवृत्त झाल्या, दोन वर्षांनी मी झालो. अकरा गोण्या देवपुरातल्या त्यांच्या घरी मागच्या खोलीत, कोरड्या, कारण कोरड्यात बी माळापेक्षा चार वर्षं जास्त तग धरतं. बारावी स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारी, तोंडाला जुन्या साडीचा तुकडा बांधून. दरवर्षी चैत्रात तिच्यातली काही मुठी माती पेटीत घालून पाणी द्यायच्या, किती बी जिवंत आहे ते बघायला. आधी मारवेलची रोपं बरीच यायची. मग बोटांवर मोजण्याइतकी. मला फोनवर आकडा सांगायच्या, तब्येतीचं विचारलं की विषय बदलायच्या.

शेवटचं भेटलो ते यंदाच्या चैत्रात. दम लागत होता, पण चहा त्यांनीच केला. मग खिडकीतली पेटी दाखवली. तेलाच्या डब्याची पेटी, बहुतेक मीच चिरलेली. तरोटा दाटीनं उगवला होता आणि एका कोपऱ्यात दोन पानांचं, दोऱ्यासारखं काहीतरी. "मारवेल," त्या म्हणाल्या. "एकच आलं. पण एक आलं म्हणजे गोण्यांत अजून असतील. पुढच्या वर्षी नसतील." मी मान हलवली. "यंदा मृगाच्या आधी नेऊन टाक, भास्कर. अर्जबिर्ज राहू दे. चोरून टाक." मी म्हणालो, "तुम्ही सांगताय हे? चोरून?" त्या म्हणाल्या, "तिथलंच तिथे ठेवायला कसली चोरी." आणि मी काय म्हणालो असेन? इतकी वर्षं ज्या शब्दाचा मला संताप यायचा, जो ऐकून मी टेबलावरच्या वस्तू भिरकावायला निघायचो, तोच. म्हणालो, "बघू मॅडम. जरा ऊन उतरू द्या."

वैशाखात त्या गेल्या. अंत्यविधीला गेलो, पण हेमंतशी धड बोललो नाही. गिरणीतला राग होता डोक्यात. गोण्यांचा विचारही मनात आला, नाही असं नाही. म्हटलं, गंधमुक्तीच्या, सुतक फिटायच्या दिवशी टेम्पो सांगू. आदल्या संध्याकाळी धुळ्यात अवकाळी कोसळला. मी सकाळी पोचलो तर अंगणात मांडव, सतरंज्या, माणसं बसलेली. आणि सतरंजीच्या कडेला पायाखाली भुरकी, बारीक खडीची माती. ती माती मी झोपेतसुद्धा ओळखीन. मागच्या खोलीत जाऊन आलो. अकरा रिकाम्या गोण्या घडी घालून ठेवल्या होत्या, अगदी व्यवस्थित.

हेमंतला मी मांडवाच्या खांबाशी धरला. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, चिखल झाला होता, माणसं बसवायची कुठं? आणि मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्हीच म्हणाले, गोण्यांचं काय घेऊन बसलास." तो पुढे म्हणाला, "मावशीनं बजावलं होतं, भास्करला विचारल्याशिवाय गोण्यांना हात लावायचा नाही. म्हणून तर पहिला फोन तुम्हाला केला, मामांना सुद्धा नंतर केला." पोरगा रडत होता. त्याचं काय चुकलं होतं? पहिला फोन मला... आणि मी गिरणीत उभा राहून त्याला माणुसकी शिकवत होतो.

माती गोळा करता आली असती का? मी वाकून पाहिलं. अंगणाचा चिखल, खडी, मांडववाल्याच्या बुटांचा गाळ, पत्रावळीतून सांडलेलं वरण. मिसळली होती. नंतर घर विकायला काढायचं म्हणून हेमंतनं त्याच अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले, पाऊस यायच्या आत.

पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो आणि पिठाच्या डब्याशेजारी साडीचा तुकडा दिसला. तिकडे कोणाचं लक्षच गेलं नव्हतं. सोडून पाहिलं, अर्धी गोणी उरली होती. मी तिथेच फरशीवर बसलो आणि बायाबापड्या जमतील इतका रडलो, ते सांगायला आता लाज वाटत नाही. हेमंतनं ती गोणी स्वतः उचलून रिक्षात ठेवली. लोखंडी चौकट आणि वही आणून दिली. म्हणाला, "भाऊ, याचं तरी होऊ द्या."

मृगाला चार दिवस होते. साक्रीच्या गाडीत कंडक्टरनं विचारलं, काय आहे? म्हटलं, माती. "मातीच्या गावाला माती कशाला नेता बाबा?" म्हणाला, आणि गोणी मागच्या सीटखाली सरकवली. आबा फलकाच्या सावलीत बसले होते. आता दिसतं कमी, पण माझ्या चालीवरून ओळखलं. "मॅडम नही उन्यात?" मी सांगितलं. आबांनी काठी जमिनीवर आडवी ठेवली. मग उठले आणि दोन चरांमधला एक न खणलेला पट्टा काठीनं दाखवला. आम्ही दोघांनी मिळून माती पसरली. अर्धी गोणी म्हणजे होते तरी किती, एका खाटेएवढी जागा. भोवती बोरीच्या काट्या लावल्या. आबा म्हणाले, "मी शे तवलोंग बकऱ्या अठे येवाव नहीत." परवानगी कोणाचीच घेतली नव्हती.

पाऊस आला, मग सतरा दिवस गेला, मग पुन्हा आला. मी दर सोमवारी अमळनेरहून पहिल्या गाडीनं जातो. बायको म्हणते, गुडघे घालवून बसाल. मी चौकट ठेवतो, मोजतो. तरोटा भरपूर. गाजरगवत आहेच, ते कुठं नसतं? सराटा आहे. पवन्या नाही. मारवेल नाही. मला कोणी म्हणतं, धीर धरा, बी थांबतं, पहिल्या पावसाला भुलत नाही. हे तुम्ही मला सांगता? मी मॅडमच्या हाताखाली नोकरी काढली आहे. हे बी थांबतं आणि ते बी थांबत नाही, यातला फरक मला कळतो. मृगाच्या आधी साडेअकरा गोण्या पडल्या असत्या तर गोष्ट वेगळी असती. अर्ध्या गोणीत एक बी असेल, नसेलही.

या सोमवारी गेलो तर आबांना ताप होता, पण नातसून काट्यांपाशी बसून राहिली होती. मोजून झाल्यावर सवयीनं त्याच दगडावर बसलो आणि पॅन्ट तपासायला वाकलो. पूर्वी इथे अर्धा तास मोडायचा. पॅन्टला एक कुसळ लागलेलं नव्हतं. मग वही उघडली. मारवेलच्या रकान्यात मॅडमच्या बारीक अक्षरातला शेवटचा आकडा एक. त्याखाली माझ्या अक्षरातली आठ शून्यं. मी तारीख घातली आणि नववं लिहिलं.